इनायतचं नोझल

गजालाचा प्रश्न तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तिच्या हातात बारा दिवस उरले होते. बारा दिवसांत प्रश्न समितीपुढे पास झाला नाही, तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं, तर तेल्हाऱ्याला परत जायचं आणि आलेल्या स्थळांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभं राहायचं. अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजात ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. संशोधन करायचं म्हणजे आधी प्रश्न लागतो, आणि प्रश्न काय, चालता-बोलता माणसाला पडतो, असं तिला वाटत होतं. कसलं काय! तीन आठवडे झाले, पोरीला धड जेवण जात नव्हतं.

तिच्या गाईड गावंडे मॅडम. बाई कडक, पण मनानं खोट्या नव्हत्या. गजालानं लिहून नेलं होतं, ‘फवारणी करणाऱ्या शेतमजुरांना विषबाधा का होते?’ मॅडमनी चष्मा काढला, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “हा प्रश्न नाही गजाला, हा हंबरडा आहे. हंबरड्याला उत्तर नसतं.”

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर चार खाने आखून दिले. पहिल्या खान्यात कोण, म्हणजे कोणती माणसं. दुसऱ्यात त्यांचा संपर्क कशाशी आला. तिसऱ्यात ती माणसं कोणाच्या तुलनेत पाहायची. चौथ्यात काय झालं, जे मोजता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘पेको’ म्हणत. चारही खाने भरले की प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि एक जरी रिकामा राहिला तरी आडवा पडतो, असं मॅडमचं म्हणणं. गजालाचा पहिला आणि चौथा भरला होता. मधले दोन साफ रिकामे होते.

खरं सांगायचं तर ते रिकामे नव्हतेच. ती भरत नव्हती.

कारण हा प्रश्न मुळात तिचा नव्हताच, तिच्या अब्बांचा होता. इनायतुल्ला मिस्तरी म्हटलं की तेल्हारा तालुक्यात कोणीही दुकान दाखवेल. सव्वीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त करतात. शिक्षण चौथी, पण पंप नुसता हलवून आत काय खुळखुळतं ते सांगणारा माणूस. त्याच वर्षीच्या, म्हणजे सतरा सालच्या खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पुरुषाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी अशी की औषधावर औषध मारूनही हटेना. मजुरांना मजुरी पंपामागे, म्हणजे दिवसात जितके पंप रिकामे कराल तितकी. मग पोरं इनायतभाईंच्या दुकानात यायची आणि म्हणायची, चाचा, नोझलचं भोक मोठं करून द्या, पंप लवकर खाली होते. इनायतभाई बारीक ड्रिल घेऊन भोक मोठं करून द्यायचे, आतली स्प्रिंग बदलून दाब वाढवायचे आणि पंपाच्या बुडाशी पंचानं एक चांद, म्हणजे चंद्रकोरीची खूण, ठोकायचे, आपल्या हातचं काम ओळखू यावं म्हणून. पोरं त्याला ‘इनायतचं नोझल’ म्हणायची. नवीन पंप घेतला तरी आधी दुकानात आणून चांद मारून घ्यायची.

सप्टेंबरात माणसं पडायला लागली. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस. कोणी अकोल्याला गेलं, कोणी अमरावतीला. इनायतभाईंच्या मागच्या गल्लीतल्या नत्थुजी आणि गोदाबाईंचा श्याम अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस मशीनवर होता. चोवीस वर्षांचं पोरगं. अकराव्या दिवशी गेला. त्याच्या मातीहून आल्यावर इनायतभाईंनी गजालाला फोन लावला. घरात त्यांची बोली म्हणजे उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी. पण त्या दिवशी ते नुसते वऱ्हाडीत बोलले, जसं गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. म्हणाले, “बेटा, तू मोठं शिकून राहिली. मले एक सांग. आपल्या नोझलानं तं नसन झालं हे?”

गजालानं काय म्हणावं? नाही अब्बा, औषधच जहरी होतं, असं काहीतरी म्हणून तिनं फोन ठेवला. पण इनायतभाई रोज तेच विचारायला लागले. नमाजेहून आले की फोन. जेवून उठले की फोन. दुकानात तर बसवेना त्यांना. आईनं सांगितलं, रात्रीचे उठून बसतात आणि बोटं मोजतात, कोणाकोणाच्या पंपाला हात लावला ते. एकदा गजाला वैतागून म्हणाली, मी यावरच अभ्यास करते आहे, उत्तर निघालं की सांगीन. बस, तेव्हापासून फोन थांबले. माणूस वाट पाहू लागला.

तिसऱ्यांदा कागद परत आला त्या शनिवारी तिनं अकोल्याची बस धरली आणि तिथून तेल्हाऱ्याची. दुकानात अब्बा एकटेच होते. तिनं चार खान्यांचा कागद त्यांच्यासमोर टाकला, खरं तर रागानंच टाकला, आणि म्हणाली की हे असं असतं अब्बा, नुसतं का झालं म्हणून चालत नाही. एकेक खाना तिनं समजावून सांगितला. तिसऱ्या खान्याशी म्हातारा अडखळेल असं तिला वाटलं होतं, कारण तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरी तिथंच अडखळल्या होत्या. इनायतभाई अडखळले नाहीत.

ते म्हणाले, “हे तं आमचंच काम हाय. बिघडला पंप पाहाचा असन तं बाजूले चांगला पंप ठेवाच लागते. नाही तं कोनाले काय समजन का बिघाड कशात हाय?” आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाले, “माह्यावाले नोझल ज्याईच्यापाशी होते थे इकडं ठेव. कंपनीचे होते थे तिकडं ठेव. मंग मोज, कोनाकडचे जास्त पडले.”

गजाला त्यांच्याकडे पाहतच राहिली. कॉलेजची पुस्तकं चाळून, नेटवर जाऊन, मॅडमची बोलणी खाऊन जे लिहायला तिचा हात धजला नव्हता, ते या माणसानं ग्रीसच्या हातांनी तीन वाक्यांत मांडलं होतं. आणि चांद तर होताच. कोणता पंप इकडचा आणि कोणता तिकडचा, हे बूड उलटं करून पाहिलं की कळणार होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्या खान्यात तिच्या बापाचे हात आले होते.

सोमवारी तिनं प्रश्न लिहून नेला. तेल्हारा तालुक्यात या खरिपात पाठीवरच्या पंपानं फवारणी करणाऱ्या मजुरांमध्ये, ज्यांच्या पंपाचं नोझल मोठं करून घेतलेलं होतं त्यांना, मूळ नोझल वापरणाऱ्यांच्या तुलनेत, फवारणीनंतर चोवीस तासांत विषबाधेची लक्षणं जास्त दिसली का? गावंडे मॅडमनी तो वाचला आणि कधी नव्हे ते उठून उभ्या राहिल्या. अकरा वर्षं शिकवते आहे, म्हणाल्या, असा नेमका प्रश्न माझ्या टेबलावर आला नाही. औषधाचं नाव सगळे घेतात, नोझलचं कोणी घेत नाही. मग लगेच त्यांनी दुसरी कसोटी काढली. करता येण्यासारखा आहे का? आहे. नवा आहे का? आहेच. उपयोगाचा आहे का? पुढच्या वर्षी दहा जीव वाचतील. नीतीला धरून आहे का? इथं त्या थांबल्या.

“ही नोझलं मोठी कोण करून देतं?” त्यांनी विचारलं.

“एक मिस्तरी आहे मॅडम, तिकडे.”

“त्याची लेखी संमती लागेल. अहवालात नाव येणार नाही, पण त्याला सगळं आधी समजावून सांगायचं. त्याचं नुकसान होऊ शकतं.”

गजाला हो म्हणाली. नाव येणार नाही म्हणे! अहो, साऱ्या तालुक्यात नोझल मोठं करणारा मिस्तरी एक. नाव छापा की नका छापू, बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते.

तिच्या नशिबानं म्हणा, त्याच आठवड्यात तेल्हाऱ्यात पोलिसांची चौकशी सुरू झाली. कृषी केंद्रवाल्या किसनरावांना दोन वेळा ठाण्यात बोलावलं. किसनराव बाहेर येऊन चौकात छाती ठोकून सांगू लागले की माझं औषध सीलबंद होतं, पोरांनी पंपात काय-काय करून घेतलं ते पाहा आधी. आईचा फोन आला, रडत. तुझे अब्बा दुकानात बसून राहतात आणि रस्त्यानं पोलिसाची मोटारसायकल गेली की उभे राहतात, म्हणाली. गजालानं होस्टेलच्या पलंगावर बसून तो नेमका प्रश्न पुन्हा वाचला. आता तो तिला प्रश्न वाटेना, पंचनामा वाटायला लागला. आपण लिहिलेला कागद उद्या किसनरावांच्या हातात पडेल, ते तो ठाण्यात नेऊन दाखवतील, की बघा, सख्ख्या पोरीनंच सिद्ध केलं. या अल्ला, बापाला आत टाकून कोणती पदवी घ्यायची?

अब्बांना तिनं विचारलं नाही. तिथंच चुकली ती. लेखी सोडा, तोंडीसुद्धा विचारलं नाही की अब्बा, हे असं-असं होऊ शकतं, तुम्हाला चालेल का. बापाला काय हवं ते आपल्याला कळतं, असं शिकलेल्या मुलांना वाटतं ना, तसंच तिला वाटलं. शेवटच्या दिवशी तिनं प्रश्न बदलला. दुसऱ्या खान्यातून नोझल काढलं, तिसरा खाना पुसून टाकला आणि लिहिलं, ‘फवारणी करणाऱ्या मजुरांमध्ये सुरक्षिततेच्या साधनांबाबतचं ज्ञान आणि वापर.’ असले प्रश्न दर वर्षी पाच-सहा पास होतात. समितीला सात मिनिटं लागली. गावंडे मॅडमनी सही करताना एकदाच तिच्याकडे पाहिलं. “सोपा आहे. होऊन जाईल,” एवढंच बोलल्या. बाहेर येऊन गजाला जिन्यात बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. वर्ष वाचलं होतं, बाप वाचला होता, आणि तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी फोन करून तिनं सांगितलं की पास झाला. इनायतभाई म्हणाले, “आता समजन,” आणि फोन आईकडे दिला.

डिसेंबरात ती छापील फॉर्म घेऊन तेल्हाऱ्याला आली. बावीस प्रश्न होते. जे बरे होऊन आले त्यांना स्वतःला विचारायचं, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना. चाळीस घरं तिनं सहा दिवसांत केली. नत्थुजींचं घर ती रोज उद्यावर ढकलत होती. सातव्या दिवशी सकाळी इनायतभाईंनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि म्हणाले, मी येतो. श्याम गेल्यापासून त्यांनी त्या दारात पाय ठेवला नव्हता. गजालानं नको-नको म्हणून पाहिलं. ते चपला घालून पुढे निघालेसुद्धा.

नत्थुजी वावरात होते. गोदाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. इनायतभाई सतरंजीवर बसले नाहीत, उंबऱ्याशी टेकले. गजालानं संमतीचा कागद वाचून दाखवला, गोदाबाईंनी अंगठा दिला आणि विचारणं सुरू झालं.

श्याम हातमोजे घालत होता का? नाही. तोंडाला मास्क? रुमाल बांधे, लय गरमी झाली का सोडे. चष्मा? नाही. पायात बूट? चप्पल. डब्यावरची सूचना वाचत होता का? थे इंग्रजीत रायते ना बाई. वाऱ्याची दिशा पाहून फवारत होता का? जेवायच्या आधी हात साबणानं धूत होता का? फवारणीचे कपडे वेगळे धूत होता का? गोदाबाई प्रत्येकाला खरं-खरं उत्तर देत होत्या, आणि प्रत्येक उत्तराशी गजाला ‘नाही’च्या चौकटीत खूण करत होती. बाराव्या प्रश्नापासून गोदाबाईंचा आवाज बारीक व्हायला लागला. अठराव्याला त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं. गजालाला ते दिसत होतं. पण फॉर्म अर्धा सोडता येत नाही, म्हणून ती वाचत राहिली.

बावीस झाले. तिनं पेनचं टोपण लावलं.

उंबऱ्यातून इनायतभाईंनी विचारलं, “झालं?”

“हो अब्बा. चला.”

“अन् नोझलचं?”

घर चलिये अब्बा, घर जाकर बताती हूँ, असं गजाला पुटपुटली. पण गोदाबाईंनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, काहाचं नोझल भाऊ? आणि इनायतभाई, जे तीन महिने बोटं मोजत होते, ते टोपी काढून हातात घेऊन बोलायला लागले. त्यांनी काही लपवलं नाही. भोक किती मोठं केलं, स्प्रिंग कोणती टाकली, श्याम कोणत्या दिवशी पंप घेऊन आला, जाताना काय बोलला, सगळं सांगितलं. औषध दुप्पट उडत असन, म्हणाले, अन् पऱ्हाटी डोक्याच्या वर, थे सारं पोराच्या आंगावर येत असन. मी इचारच नाही केला. या पोरीनं मले सांगतलं होतं का ती याच्यावरच अभ्यास करून राहिली. मी म्हटलं, ती तुमाले इचारन, साऱ्याईले इचारन, अन् मंग मले सांगन.

गोदाबाईंनी गजालाच्या मांडीवरचा फॉर्म ओढून घेतला. वाचता येत नव्हतं त्यांना, पण खुणा तर दिसत होत्या. साऱ्याच्या साऱ्या एकाच बाजूला.

“हे नोझल यात कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“यात नाही, काकू.”

“म्हंजे तुह्या कागदात माह्या श्यामचीच चूक निघते. त्यानं मोजे नाही घातले. त्यानं रुमाल सोडला. त्यानं वाचलं नाही.” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी आपल्याच तोंडानं लेकराले गुन्हेगार केलं. तू इचारत गेली अन् मी सांगत गेली.”

गजालाला म्हणायचं होतं की काकू, मी माझ्या बापाला वाचवायला गेले. पण ते कोणत्या तोंडानं म्हणायचं? एकीचा बाप वाचवायला दुसरीच्या मेलेल्या पोरावर बावीस खुणा केल्या, असाच त्याचा अर्थ होत होता, आणि तो अर्थ खराच होता. चाळीस घरांत तिनं हेच केलं होतं. चाळीस घरांतून लोकांनी तिला चहा पाजला होता.

इनायतभाई उंबऱ्यावरून उठले आणि अंगणात गोदाबाईंच्या समोर येऊन मातीत बसले. “गोदाबाई,” ते म्हणाले, “मले जे म्हनाचं थे म्हना. ठान्यात या, मी संग येतो. फकत एक सांगा. माह्यानं झालं का?”

गोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाला त्या तीस वर्षं ओळखत होत्या. श्यामच्या बारशाला त्यानं पाळण्याचा दांडा नीट करून दिला होता. शिव्या द्याव्यात असं त्यांना वाटत असेलही, पण त्यांच्या तोंडून शिवी निघाली नाही.

“मले काय मालूम, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी अडानी बाई. तुमची पोरगी शिकली ना, तिले इचारा.”

आणि इनायतभाई वळले. ग्रीस कधीच न निघणारे दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पोरीकडे पाहत बसले, रागानं नव्हे, अगदी आशेनं. माहीत नाही, एवढं म्हणायचीही सोय तिनं ठेवली नव्हती. माहीत करून घ्यायचा रस्ता बापानंच दाखवला होता आणि तिनंच तो बंद केला होता. चांद मारलेले पंप पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीनं लोकांनी एव्हाना भंगारात घातले होते.

“सांग बेटा,” इनायतभाई म्हणाले.